विषाचा पुरावा आणि त्याची मर्यादा : मुंबई सरकारच्या रासायनिक विश्लेषकाच्या प्रयोगशाळेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश हिंदुस्थानातील निरनिराळ्या इलाख्यांत सरकारी रासायनिक प्रयोगशाळा स्थापन झाल्या. संशयास्पद मृत्यूतील विषाचा शोध घेणे हे त्यांचे प्रमुख कार्य होते. मुंबई इलाख्यात हे कार्य १८७० पासून सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे आले. प्रस्तुत निबंधात या प्रयोगशाळेची पार्श्वभूमी, तिची कार्यपद्धती आणि तिच्या अहवालाला कायद्याने दिलेले स्थान यांचा परामर्श घेतला आहे. तसेच बडोदे (१८७४-७५), लागू (१९५६-५९) आणि सारडा (१९८२-८४) या तीन गाजलेल्या प्रकरणांच्या आधारे रासायनिक निष्कर्ष व न्यायनिर्णय यांतील संबंध तपासला आहे. रासायनिक अहवाल पदार्थाविषयी बोलतो, कृत्याविषयी नाही; या मर्यादेचे भान ठेवण्यातच त्याचे खरे मोल आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : रासायनिक विश्लेषक, न्यायवैद्यक, विषप्रयोग, सोमल, बडोदे प्रकरण, परिस्थितिजन्य पुरावा.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही पोलीस ठाण्यात अथवा फौजदारी न्यायालयात 'सी. ए. रिपोर्ट' हा शब्दप्रयोग नित्य कानी पडतो. 'सी. ए. आला का?' या प्रश्नावर कित्येक खटल्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात. परंतु ही दोन अक्षरे कोठून आली याचा विचार सहसा केला जात नाही. ही अक्षरे 'केमिकल अॅनालायझर' या पदनामाची आहेत. मद्रास व बंगाल येथे या अधिकाऱ्यास 'केमिकल एक्झामिनर' म्हणत. मुंबई इलाख्यात 'केमिकल अॅनालायझर टू गव्हर्नमेंट' हे पदनाम रूढ झाले. आज प्रयोगशाळेचे नाव, प्रशासकीय विभाग आणि उपकरणे ही सारी बदलली असली तरी व्यवहारातील हे जुने नाव टिकून आहे.

महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासलेखनात शिक्षणसंस्था, वृत्तपत्रे, सभा-संमेलने आणि समाजसुधारणा यांचा विपुल अभ्यास झालेला आहे. त्या मानाने शासनाच्या तांत्रिक संस्थांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. अलीकडच्या काळात डेव्हिड अर्नोल्ड यांच्यासारख्या इतिहासकारांनी विषाच्या सामाजिक इतिहासाकडे लक्ष वेधल्याने हे चित्र पालटू लागले आहे. एका प्रयोगशाळेच्या अहवालावर माणसाचे स्वातंत्र्य आणि प्रसंगी प्राणही अवलंबून असू शकतात. म्हणूनच या संस्थेचा इतिहास हा केवळ विज्ञानाचा इतिहास राहत नाही. तो न्यायाचाही इतिहास ठरतो.

पार्श्वभूमी : विष, साक्ष आणि वसाहतकालीन शासन

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील बाजारांत विषारी द्रव्ये सहज उपलब्ध होती. सोमल म्हणजे पांढरे आर्सेनिक उंदीर मारण्यासाठी, कातडी टिकवण्यासाठी आणि औषधांतही वापरले जाई. हरताळ व मनशीळ ही आर्सेनिकचीच खनिजे रंगकामात व वैद्यकात परिचित होती. अफू, बचनाग आणि कुचला वैद्याच्या पेटीत असत. धोतरा, कण्हेर, रुई व गुंज या वनस्पती तर रस्त्याच्या व शेताच्या कडेला उगवत. प्रवाशांना धोतऱ्याचे बी खाऊ घालून गुंगी आणावयाची व लुटावयाचे, ही गुन्ह्याची एक परिचित रीत होती. गुंजेच्या वाटलेल्या बियांपासून सुईसारखे टोकदार काटे करून ते जनावरांच्या अंगात टोचले जात आणि मेलेल्या जनावराचे कातडे मिळवले जाई. कलकत्त्याचे रासायनिक परीक्षक वॉर्डन यांनी वॅडेल यांच्यासह १८८० च्या दशकात या गुंजेच्या विषाचा अभ्यास केला होता.

अशा गुन्ह्यांचा शोध लावण्यात दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली अडचण वैद्यकीय स्वरूपाची होती. सोमलाने होणाऱ्या विषबाधेत उलट्या, जुलाब, पेटके आणि शक्तिपात ही लक्षणे दिसतात. पटकीची लक्षणेही जवळजवळ हीच होत. ज्या प्रदेशात पटकीची साथ वारंवार येई तेथे सोमलाने झालेला मृत्यू साथीत खपून जाणे अवघड नव्हते. उष्ण हवामानात प्रेत लवकर कुजते आणि हिंदूंमध्ये दहन त्वरेने करण्याची रूढी आहे. यामुळे संशय व्यक्त होईपर्यंत तपासण्याजोगे काही उरतच नसे.

दुसरी अडचण राजकीय होती. वसाहतकालीन न्यायाधीश व अधिकारी यांचा देशी साक्षीदारांवर विश्वास नव्हता. 'देशी माणूस शपथेवर खोटे बोलतो' हा पूर्वग्रह त्या काळच्या इंग्रजी न्यायवैद्यकीय वाङ्मयात वारंवार आढळतो. नॉर्मन चेव्हर्स यांच्या १८५६ च्या न्यायवैद्यकावरील ग्रंथातही हिंदी समाजाच्या गुन्हेगारी स्वभावाविषयी अशीच गृहीतके दिसतात. बोलणाऱ्या माणसापेक्षा न बोलणारा पदार्थ अधिक विश्वासार्ह, अशी धारणा यातून दृढ झाली. रासायनिक प्रयोगशाळेच्या उभारणीमागे विज्ञानावरील श्रद्धा जितकी होती, तितकाच प्रजेविषयीचा अविश्वासही होता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

याच सुमारास युरोपात विषशास्त्राने मोठी मजल मारली होती. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये आर्सेनिक ओळखण्याची अत्यंत सूक्ष्म चाचणी प्रसिद्ध केली. १८४१ मध्ये राइन्श यांची तांब्याच्या पत्र्याची चाचणी पुढे आली. बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ स्टास यांनी १८५० च्या सुमारास शरीरातील अवयवांतून वनस्पतिजन्य अल्कलॉइडे वेगळी काढण्याची पद्धत शोधली. तोवर अनुमानावर सोडलेल्या गोष्टी आता काचनळीत दाखवता येऊ लागल्या.

प्रयोगशाळेची स्थापना व कार्यपद्धती

मद्रास इलाख्यात १८४९ मध्ये पहिली सरकारी रासायनिक परीक्षण प्रयोगशाळा सुरू झाली. त्यानंतर कलकत्ता (१८५३), आग्रा (१८६४) आणि मुंबई (१८७०) येथे अशा प्रयोगशाळा स्थापन झाल्या. मुंबईत या कार्याचा ग्रँट मेडिकल कॉलेजशी निकटचा संबंध होता. रासायनिक विश्लेषक म्हणून काम केलेले आय. बी. लायन हे या महाविद्यालयात अध्यापन करीत. त्यांनी हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावर लिहिलेला ग्रंथ १८८० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक आवृत्त्यांतून दीर्घकाळ वापरात राहिला. प्रयोगशाळेत येणाऱ्या मुद्देमालाचा अनुभव अशा रीतीने पाठ्यग्रंथात उतरला आणि पाठ्यग्रंथ वाचून तयार झालेले डॉक्टर पुन्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मुद्देमाल पाठवू लागले.

प्रयोगशाळेचे काम ज्या क्रमाने चाले तो क्रम समजून घेणे उपयुक्त आहे. संशयास्पद मृत्यू घडल्यावर पोलीस पंचनामा करीत आणि प्रेत शवविच्छेदनासाठी सिव्हिल सर्जनकडे पाठवीत. डॉक्टर जठर व त्यातील द्रव्य, आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंड हे अवयव काढून काचेच्या बरण्यांत ठेवी. ते कुजू नयेत म्हणून त्यांत स्पिरिट अथवा मिठाचे संपृक्त द्रावण घातले जाई. मद्यार्काचाच संशय असल्यास स्पिरिट वापरता येत नसे, कारण मग शोधावयाची वस्तू आपणच बरणीत घातल्यासारखे होई. बरणीचे तोंड बांधून त्यावर लाखेची मोहोर लावत. मोहोरेचा नमुना व पत्र स्वतंत्रपणे पाठवले जाई. प्रयोगशाळेत बरणी आल्यावर मोहोर शाबूत आहे का आणि ती नमुन्याशी जुळते का, हे प्रथम पाहिले जाई. रसायनशास्त्राचा आरंभ त्यानंतर होई.

आर्सेनिकसाठी मार्श चाचणी प्रमाण मानली जाई. जस्त आणि सौम्य गंधकाम्ल यांच्या संयोगाने हायड्रोजन वायू निर्माण होतो. त्यात आर्सेनिकयुक्त द्रव्य घातल्यास आर्सीन नावाचा वायू तयार होतो. हा वायू तापवलेल्या काचनळीतून जाऊ दिला असता नळीच्या थंड भागावर काळसर तपकिरी, चकचकीत थर बसतो. अँटिमनीचाही असाच थर बसत असल्याने तो ओळखण्यासाठी पुढील चाचण्या कराव्या लागत. याहून महत्त्वाची दक्षता वेगळीच होती. बाजारातील जस्त व आम्ल यांतच आर्सेनिकचा अंश असण्याचा संभव असे. म्हणून संशयित द्रव्य न घालता तोच प्रयोग आधी करून पाहणे अनिवार्य होते. स्वतःच्या साधनांवर आधी संशय घेणे, ही या शास्त्राची पहिली शिस्त होय.

वनस्पतिजन्य विषांची तपासणी अधिक कठीण होती. धोतऱ्याचा अर्क मांजराच्या डोळ्यात घालून बाहुली विस्फारते का हे पाहिले जाई. बचनागाचा सूक्ष्म अंश जिभेवर लावल्यास मुंग्या व बधिरता येते, हीच त्याची चाचणी होती. कुचल्यातील स्ट्रिक्निन गंधकाम्ल व पोटॅशियम डायक्रोमेट यांच्या योगाने जांभळा रंग दाखवी. रक्ताच्या डागांबाबत तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फार मर्यादित विधान करता येई. १९०१ मध्ये उलेनहुट यांची चाचणी उपलब्ध होईपर्यंत डाग मानवी रक्ताचा की अन्य सस्तन प्राण्याच्या, हे निश्चयाने सांगण्याचे साधन हाती नव्हते.

विषाच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा मुंबई इलाख्यात १८६६ मध्ये झाला. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९०४ मध्ये आणि पुढे १९१९ मध्ये विषविषयक कायदे झाले. तथापि गुन्हा घडल्यानंतरचा शोध हे प्रयोगशाळेचेच क्षेत्र राहिले.

बडोदे प्रकरण : विष सापडले, कर्ता सिद्ध झाला नाही

मुंबईची प्रयोगशाळा स्थापन होऊन जेमतेम चार वर्षे झाली असता तिच्यासमोर असा मुद्देमाल आला, की ज्याच्याशी एका संस्थानाचे भवितव्य निगडित होते. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड आणि ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांचे संबंध विकोपाला गेले होते. फेअर यांना परत बोलवावे अशी मागणी महाराजांनी नोव्हेंबर १८७४ च्या आरंभी व्हाइसरॉयकडे केली होती. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फेअर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाच्या सरबताचे एकदोन घोट घेतले. चव बरी न वाटल्याने त्यांनी उरलेले सरबत फेकून दिले. त्यानंतर पेल्याच्या तळाशी त्यांना काळपट गाळ दिसला.

हा गाळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तपासला आणि त्याचा काही भाग मुंबईस डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक म्हणून त्या वेळी ग्रे काम पाहत होते. गाळात सोमल असल्याचे त्यांना आढळले. त्याखेरीज चमकणारे बारीक कणही सापडले आणि ती हिऱ्याची पूड असावी असे मानले गेले.

हिऱ्याच्या पुडीचा मुद्दा विशेष विचार करण्याजोगा आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हिरा विष नाही. परंतु हिरकणी खाऊन वा खाऊ घालून प्राण जातो, ही समजूत जनमानसात रुजलेली होती. सोमल कोणत्याही बाजारात मिळे. हिऱ्याची पूड मात्र जवाहिरखान्याकडे, पर्यायाने राजवाड्याकडे बोट दाखवी. म्हणजे ज्या कणांचे विष म्हणून मोल शून्य होते, त्यांचेच पुरावा म्हणून मोल सर्वाधिक ठरले. एका रासायनिक निरीक्षणाला प्रयोगशाळेबाहेर किती भिन्न अर्थ चिकटू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांच्याकडे तपास सोपवण्यात आला. रेसिडेन्सीतील नोकरांचे कबुलीजबाब झाले. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत हे माफीचे साक्षीदार झाले. घोड्याच्या औषधाच्या निमित्ताने सोमल मागवल्याचे त्यांनी सांगितले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. चौकशीसाठी सहा सदस्यांचे कमिशन नेमण्यात आले. सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड व पी. एस. मेल्व्हिल हे इंग्रज सदस्य होते. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे हिंदी सदस्य होते. महाराजांच्या वतीने इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले.

सरबतात सोमल होता, हा या चौकशीतील सर्वांत भक्कम भाग होता. तो कोणी घातला आणि कोणाच्या सांगण्यावरून घातला, या प्रश्नांना मात्र प्रयोगशाळेकडे उत्तर नव्हते. त्यासाठी पुन्हा माणसांच्याच साक्षीकडे वळावे लागले आणि नेमका तोच भाग बॅलंटाइन यांच्या उलटतपासणीत डळमळीत झाला. साक्षीदार सहआरोपी वा माफीचे साक्षीदार होते. रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सापडलेली सोमलाची पुडी पोलिसांनीच ठेवली असावी, असा बचावपक्षाचा रोख होता. अखेर कमिशनमध्ये समसमान मतविभागणी झाली. तिघा इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले. तिघा हिंदी सदस्यांना ते मान्य झाले नाही.

एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यासाठी सरकारने विषप्रयोगाचे कारण दिले नाही. गैरकारभार व अपात्रता ही कारणे दिली. महाराजांची रवानगी मद्रासेस झाली आणि १८८२ मध्ये ते तेथेच निवर्तले. मे १८७५ मध्ये सयाजीराव दत्तक म्हणून गादीवर आले. या प्रकरणाने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही त्यात लक्ष घातले. प्रयोगशाळेच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता मात्र निष्कर्ष असा निघतो, की ज्या साधनाने माणसांच्या साक्षीची गरज संपेल अशी अपेक्षा होती, त्या साधनाने ती गरज अधिकच उघड केली.

कागदाची साक्ष : कायद्यातील स्थित्यंतरे

इलाख्यातील निरनिराळ्या न्यायालयांत दर खटल्यास रासायनिक विश्लेषकाने स्वतः हजर राहणे शक्य नव्हते. यावर कायद्याने उपाय काढला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० नुसार सरकारी रासायनिक परीक्षकाच्या सहीचा अहवाल पुरावा म्हणून थेट वापरता येत असे. एरवी तज्ज्ञाचे मत त्याच्या तोंडून, शपथेवर आणि उलटतपासणीच्या अधीन राहूनच न्यायालयासमोर येते. येथे मात्र कागदच साक्षीदार झाला.

प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने ही तरतूद समजण्याजोगी होती. परंतु आरोपीच्या बाजूने पाहिल्यास तिच्यात एक उणीव होती. कोणती चाचणी केली, किती द्रव्य वापरले, साधने शुद्ध होती का, हे प्रश्न कागदाला विचारता येत नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या दुरुस्तीने ही उणीव काही अंशी दूर झाली. अभियोगपक्षाने अथवा आरोपीने अर्ज केल्यास तज्ज्ञास साक्षीसाठी बोलावणे न्यायालयावर बंधनकारक झाले. पुढे १९७३ च्या नव्या संहितेत कलम २९३ आले. त्यात न्यायालयास योग्य वाटल्यास तज्ज्ञास बोलावता येईल एवढीच तरतूद राहिली. जे १९५५ मध्ये हक्काच्या स्वरूपात मिळाले होते, ते १९७३ मध्ये न्यायालयाच्या विवेकाधीन झाले. न्यायवैद्यकाच्या चर्चेत हा बदल जितका अधोरेखित व्हावयास हवा तितका झालेला दिसत नाही.

याच काळात प्रयोगशाळेच्या कामाचे स्वरूपही विस्तारले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रक्तातील मद्यार्काच्या तपासणीचे मोठे काम निर्माण केले. या कायद्यातील दुरुस्तीनुसार रक्तात ०.०५ टक्के अथवा त्याहून अधिक मद्यार्क आढळल्यास, आपण निषिद्ध मद्य घेतले नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे प्रयोगशाळेतील एका आकड्याने सिद्धतेचा भार एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सरकतो. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) या प्रकरणात रक्ताची बाटली तपासणीस जाईपर्यंत कोणाच्या ताब्यात होती, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे महत्त्वाचा ठरला. लाखेच्या मोहोरेचे महत्त्व शंभर वर्षांनंतरही उणावलेले नव्हते.

लागू प्रकरण : विष सापडले नाही, गुन्हा सिद्ध झाला

बडोदे प्रकरणाच्या नेमकी उलट स्थिती १९५६ मध्ये पुण्यात उद्भवली. पुण्यातील एक डॉक्टर, अनंत चिंतामण लागू, हे एका संपन्न विधवेवर उपचार करीत होते. मुंबईतील तज्ज्ञास दाखवावयाचे म्हणून १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री ते तिच्यासह रेल्वेने निघाले. वाटेत ती बेशुद्ध झाली. पहाटे तिला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १३ नोव्हेंबर रोजी तिचा मृत्यू झाला. रुग्णालयात तिचे नाव भलतेच नोंदवलेले होते. नातलगांना कळवण्यात आले नाही. प्रेत बेवारस ठरले आणि शवविच्छेदनही काही दिवसांनी झाले. त्यानंतर तिने पुनर्विवाह केला असून ती दूर राहावयास गेली आहे, अशा आशयाची बनावट पत्रे नातलगांना येत राहिली आणि दरम्यान तिची मालमत्ता डॉक्टरांकडे जात राहिली.

अवयवांची रासायनिक तपासणी झाली. त्यांत कोणतेही विष आढळले नाही.

असे असताही पुण्याच्या सत्र न्यायालयाने आरोपीस खुनाबद्दल देहान्ताची शिक्षा दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा निर्णय उचलून धरला. बहुमताचा निर्णय न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. सर्वच विषे शोधता येतात असे नाही. काही विषे शरीरात झपाट्याने बदलतात, काही अत्यल्प मात्रेत मारक ठरतात. शिवाय आरोपी वैद्यकाचा जाणकार असेल तर न सापडणारे विष निवडण्याचा संभव अधिक. म्हणून विष सापडले नाही एवढ्यावरून परिस्थितिजन्य पुराव्याची संपूर्ण साखळी निष्प्रभ होत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. न्या. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच निःसंशय सिद्ध झालेले नाही, अशी त्यांची भूमिका होती.

हे भिन्नमत दुर्लक्षून चालणार नाही. मालमत्ता हडप करण्याचा लोभ आणि बनावट पत्रे यांवरून अप्रामाणिकपणा निश्चित दिसतो. त्यावरून विषप्रयोग कितपत सिद्ध होतो, हा प्रश्न गंभीरच आहे. बहुमताने 'आढळले नाही' या शब्दांचा अर्थ 'नव्हते' असा घेण्यास नकार दिला आणि शास्त्रीयदृष्ट्या तो योग्यच होता. पण 'आढळले नाही' याचा अर्थ 'होते' असाही होत नाही. या दोन टोकांमधील मोकळी जागा न्यायालयाला इतर पुराव्यांनीच भरावी लागते आणि तेथे प्रयोगशाळा कोणाच्याही मदतीला येत नाही.

सारडा प्रकरण : विष निर्विवाद, दोष संशयास्पद

जून १९८२ मध्ये पुण्यातील एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. मृत्यू पोटॅशियम सायनाइडमुळे झाला, याविषयी वाद नव्हता. पतीस सत्र न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. जुलै १९८४ मध्ये शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयाद्वारे सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. मृत विवाहितेची पत्रे व अन्य पुरावा पाहता आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयास दिसून आले.

न्या. फजल अली यांनी या निर्णयात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडली आणि ती पुढे 'पंचशील' म्हणून ओळखली गेली. विषप्रयोगाच्या खटल्यासाठी त्यांनी चार बाबी आवश्यक मानल्या : आरोपीचा स्पष्ट हेतू, विषामुळेच मृत्यू, आरोपीच्या ताब्यात विष असणे आणि ते देण्याची त्यास मिळालेली संधी. या चारपैकी रासायनिक अहवाल प्रामुख्याने दुसऱ्या बाबीवरच प्रकाश टाकतो. उरलेल्या तीन बाबी माणसांच्या साक्षीतून, कागदपत्रांतून व परिस्थितीतूनच सिद्ध कराव्या लागतात.

तिन्ही प्रकरणांचा एकत्रित विचार केल्यास एक संगती दिसते. बडोद्यात विष सापडले, पण कर्त्याबाबत कमिशन दुभंगले. लागू प्रकरणात विष सापडले नाही, तरी आरोपी दोषी ठरला. सारडा प्रकरणात विष निर्विवाद होते, तरी आरोपी सुटला. रासायनिक निष्कर्ष आणि न्यायनिर्णय यांच्यात सरळ समीकरण मांडता येत नाही. एखाद्या अवयवात आर्सेनिक आढळले म्हणून विषप्रयोग झाला असेही नेहमीच म्हणता येत नाही. ते औषधातून अथवा पुरलेल्या प्रेतात मातीतूनही आलेले असू शकते.

सद्यःस्थितीचा संदर्भ

स्वातंत्र्योत्तर काळात देशात न्यायसहायक विज्ञानाच्या स्वतंत्र प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. कलकत्त्यात १९५२ मध्ये राज्य पातळीवरील पहिली प्रयोगशाळा सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबईतील कलिना येथे मुख्य प्रयोगशाळा असून नागपूर, पुणे व छत्रपती संभाजीनगर यांसारख्या ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा कार्यरत आहेत. मार्शची काचनळी व मांजराचा डोळा यांची जागा वर्णलेखन व वर्णपटमापन यांवर आधारित उपकरणांनी घेतली आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद तिच्या कलम १७६ मध्ये आहे. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल थेट पुराव्यात घेण्याची जुनी तरतूद कलम ३२९ मध्ये कायम आहे. प्रयोगशाळेवरील न्यायव्यवस्थेची भिस्त यापुढे वाढतच जाणार आहे. अशा वेळी कलम ५१० पासून चालत आलेला कागदाच्या साक्षीचा प्रश्न पुन्हा विचारात घेणे अगत्याचे ठरते. तुरुंगात असलेला आरोपी आणि न्यायाची वाट पाहणारे मृताचे कुटुंब या दोघांच्याही दृष्टीने अहवाल वेळेत येणे, त्यामागील चाचण्यांचा तपशील उपलब्ध असणे आणि गरज पडल्यास विश्लेषकास प्रश्न विचारता येणे, या केवळ तांत्रिक बाबी नाहीत.

निष्कर्ष

१. सरकारी रासायनिक प्रयोगशाळेचा उदय युरोपीय विषशास्त्राची प्रगती आणि देशी साक्षीविषयीचा वसाहतकालीन अविश्वास या दोन्हींच्या संयोगातून झाला.

२. प्रयोगशाळेची विश्वासार्हता रासायनिक चाचणीइतकीच मोहोर, नोंद व ताबा यांच्या अखंड साखळीवर अवलंबून होती व आजही आहे.

३. अहवालास थेट पुराव्याचे स्थान देणारी तरतूद सोयीची असली तरी तज्ज्ञाच्या उलटतपासणीचा आरोपीचा हक्क १९५५ मध्ये विस्तारला आणि १९७३ मध्ये आकुंचित झाला.

४. बडोदे, लागू व सारडा या प्रकरणांवरून असे दिसते, की विषाचे अस्तित्व वा अभाव हा न्यायनिर्णयाचा एक घटक असतो. तो निर्णयाचा पर्याय होऊ शकत नाही.

मोहोरबंद बरणीत काय आहे एवढेच रासायनिक विश्लेषक सांगू शकतो. ती बरणी कोणी, का आणि कशी भरली हे ठरवण्याची जबाबदारी न्यायालयाची व समाजाची आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या संस्थेचा इतिहास कार्याची ही विभागणी जपण्याची गरजच अधोरेखित करतो.